अकरा कपांची बाई

शेवटचा साधा दिवस रविवार होता, आणि त्या दिवशी केतकी आईशी चहावरून भांडली.

भांडण कसलं, नेहमीची खडाखडी. दर रविवारी सकाळी दहाला पुण्याहून केतकीचा फोन लागायचा. वरोऱ्याला प्रतिभाबाई तो बाजेवरच्या उशीला टेकवून ठेवायच्या आणि हातातलं काम न थांबवता बोलायच्या. त्या दिवशी हातात अंबाडीची बोंडं होती. घरामागच्या सांदवाडीत मार्गशीर्षातलं ऊन पसरलं होतं. बोंडाच्या देठाकडून पितळेची नळी दाबायची, की आतली हिरवी बी टक्कन बाहेर. बोटांत उरते ती नुसती लाल, जाड, आंबट साल. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या त्या हातांना रिकामं बसणं माहीत नव्हतं.

"आई, आकडा किती?"

"एकशे अठ्ठावीस. खालचा ब्याऐंशी. झालं समाधान? आता तू खाल्लं का काही, ते सांग."

"खाल्लं. तुझ्या सावलीचा सहा महिन्यांचा अहवाल आलाय. वाचू?"

"वाच. माझ्यापेक्षा तिचंच कौतुक जास्त तुले."

सावली हे लोकांनी ठेवलेलं नाव. सरकारी कागदांवर त्याला 'प्रतिदेह' म्हणत, पण प्रतिदेह म्हणायला जीभ वळवावी लागते, म्हणून साऱ्या जिल्ह्यात सावलीच रूढ झालं. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाची एक सावली असे: संगणकात चालणारी त्या माणसाच्या हृदयाची, रक्तवाहिन्यांची आणि मूत्रपिंडांची हुबेहूब नक्कल. दंडावर नखाएवढी चकती चिकटवलेली असायची, ती रक्तदाब आणि नाडी दिवसभर मोजून सावलीला कळवायची. पोटात काय गेलं हे कळवायला बशी होती. कप बशीवर ठेवला की ती रंगावरून आणि वजनावरून आत काय आहे, किती आहे ते ओळखायची. मग पिणाऱ्यानं कडेला अंगठा लावायचा, की नोंद त्याच्या सावलीत. दोन्ही बाजूंची माहिती जुळवत जुळवत सावली शिकत जायची, की या माणसाला मीठ किती बाधतं, कुठली गोळी किती लागू पडते. नवीन औषध आधी सावलीला देऊन पाहायचं, मग माणसाला. 'प्रत्येकानं आपलाच अंगठा लावावा' हा बशीवर छापलेला नियम केतकीनं लिहिला होता. पुण्यातल्या संस्थेत सावल्यांची जुळणी तपासणं हीच तिची नोकरी होती.

"अंबाडीचा चहा," केतकीनं वाचलं. "रोजचं सेवन सरासरी अकरा कप. प्रतिसाद नगण्य."

बोंडांवरची नळी क्षणभर थांबली.

"अकरा कप, आई? रोज?"

"पेते मी. तहान लागते."

"डिसेंबरात?"

"मले लागते."

"अगं, एवढा चहा पिऊन एखाद्याचा दाब धाडकन खाली यायला हवा होता. तुझा दोन वर्षांत आठनं उतरलाय, तोही मीठ कमी केल्यामुळे असेल असं सावली म्हणते. म्हणजे तुझ्या शरीरावर त्याचा काही परिणाम होत नाही. काही लोकांचं असतं तसं. आवडतो म्हणून पी, पण गल्लीभर सांगत फिरू नकोस की माझा दाब अंबाडीनं उतरला. तुझी समजूत चुकीची आहे."

"बरं बाई, समजूत चुकीची." प्रतिभाबाई हसल्या. "पण चहा चांगला असते."

"मी चांगला-वाईट म्हणतच नाहीये. मी पुराव्याबद्दल बोलतेय."

"तेच तर. चल, ठेव आता, माझं दूध उतू जाते. टिंग टिंग."

गाडी सोडायची डबल बेल तोंडानं वाजवून त्या फोन बंद करत. त्या रविवारीही तसाच केला.

सोमवारी सकाळी देवाची फुलं तोडताना त्या खाली बसल्या, ते बसल्याच. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीची भिंत जन्मापासूनच पातळ होती, असं डॉक्टरांनी केतकीला समजावून सांगितलं. दाबाशी संबंध नाही, गोळीशी नाही, चहाशी तर नाहीच. केतकीनं ते ऐकलं, चित्र पाहिलं, दोन नेमके प्रश्न विचारले आणि मान्य केलं. पुराव्यापुढे मान झुकवायची तिची जुनी सवय होती. मान्य होत नव्हतं ते एकच. आईशी आपण बोललो ते अखेरचं वाक्य 'पुराव्याबद्दल बोलतेय' हे होतं, आणि त्याआधीचं 'तुझी समजूत चुकीची आहे'. ते निदान खरं तरी असावं, एवढंच तिला हवं होतं. खरं बोलून दुखावलं असेल तर त्याचं ओझं उचलता येतं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. केतकीनं महिन्याची रजा टाकली होती. माणूस गेल्यावर सावली तीस दिवस चालू राहते. तेवढ्या मुदतीत वारसानं नोंदी पाहायच्या, चुका असतील तर दाखवायच्या, मग सावली मिटते आणि तिचं शिकणं तेवढं राज्याच्या आरोग्य-नोंदींत कायमचं जमा होतं. प्रतिभाबाईंच्या सावलीतून जमा होणार होतं: लाल अंबाडी, रोज अकरा कप, परिणाम नगण्य.

चौदाव्या दिवशी दुपारी चारला सांदवाडीचं फाटक वाजलं. तिघी जणी आत आल्या आणि वर्षानुवर्षं ठरलेल्या जागी बसल्या. छबूताई बाजेवर, वनमाला उंबऱ्यावर, शबाना पाण्याच्या टाक्याला टेकून. छबूताई सगळ्यांत वडील, सत्तरीच्या पुढच्या, सांदवाडीच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडच्या घरात राहायच्या. वनमाला कुंपणापलीकडची शेजारीण, शाळेत खिचडी शिजवून निवृत्त झालेली. शबानाचं गल्लीच्या वळणावर शिवणकामाचं दुकान होतं आणि चार ते पाच ते न चुकता बंद असायचं.

छबूताई म्हणाल्या, "आम्ही उगाच नाही आलो, पोरी. पाय आपोआप वळले."

"बरं झालं आलात, मावशी. चहा टाकते."

"लाल टाक," वनमाला म्हणाली. "बोंडं मांडणीवर निळ्या बरणीत हायेत. गूळ आखरीले टाकजो, आधी टाकला तर चव मरते."

केतकीनं टाकला. गंजात, आईच्या उभ्या पातेल्यात, पाणी उकळून गॅस बंद केला, मूठभर वाळलेली बोंडं त्यात सोडली आणि झाकण ठेवलं. पाच मिनिटांत पाणी जास्वंदीसारखं लाल झालं, आणि झालंच पाहिजे होतं, कारण लाल अंबाडी जास्वंदीची सख्खी बहीण. तो रंग ज्या द्रव्याचा, त्याचं नाव अँथोसायनिन. आपल्या शरीरात एक एन्झाइम असतं, ते रक्तवाहिन्या आवळायचा निरोप तयार करतं. हा लाल रंग त्या एन्झाइमच्या आड येतो. निरोप कमी गेला की वाहिन्या जरा सैलावतात आणि दाब उतरतो. शिवाय या चहानं लघवी थोडी जास्त होते, तोही हातभार. क जीवनसत्त्व असतं, चहापत्तीतलं कॅफीन नसतं, म्हणून झोप उडत नाही. केतकीनं हे सगळं वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. करून मात्र आज पहिल्यांदाच पाहत होती.

चार कप भरून तिनं एक बशीवर ठेवला आणि बशी छबूताईंपुढे केली. "मावशी, अंगठा."

छबूताईंनी बशीकडे पाहिलं, मग केतकीकडे. "कायचा अंगठा?"

"तुमचा. तुमच्या सावलीत नोंद व्हायला."

"प्रतिभाच्या घरी?"

"कुठंही. घरी लावता ना?"

"घरी लावतो. घरचा चहा घरी. इथं कधी लावला नाही बाप्पा."

"मग इथं कोण लावायचं?"

उत्तर शबानानं दिलं, तेही सहज, सगळ्या जगाला ठाऊक असल्यासारखं. "भाभीच लावायच्या. मी एकदा लावायला गेले, तर माझा हात बाजूला केला. म्हणाल्या, माझ्या दारात येऊन तुम्ही अंगठे लावणार? हे काय रेशनचं दुकान आहे?"

"प्रत्येक कपाला?"

"हो ना. कप ठेवायचा, अंगठा. कप ठेवायचा, अंगठा. टकाटक. तिकिटं फाडल्यासारखं."

केतकी खाली बसली. तीस वर्षं जिनं एकाही माणसाला बिनतिकिटाचं चढू दिलं नव्हतं, आमदाराच्या मेव्हण्यालासुद्धा नाही, तिनं आपल्या घरात सगळ्यांचं तिकीट स्वतःच्या नावावर फाडलं होतं. पाहुण्याला पाजलेला चहा पाहुण्याच्या नावावर कसा लावायचा? घरात आलेल्याचा घोट हा घरच्याचा. आणि मुलीनं विचारलं, रोज अकरा कप? तर 'तहान लागते'. गल्लीतल्या बायका माझ्याकडे येऊन पितात, हे तोंडानं सांगणं म्हणजे त्यांचे घोट मोजल्यासारखं झालं असतं.

हिशेब सोपा होता आणि केतकीच्या डोक्यात तो आपोआप सुटत गेला. सावलीला वाटत होतं, ही बाई अकरा कप पिते आणि दाब उतरतो जेमतेम आठनं. म्हणून तिनं शिकलं: हिला अंबाडी लागू पडत नाही. पण बाई दोनच कप पीत असेल, तर? तर तेच आठ भरपूर ठरतात, म्हणजे अंबाडी तिला चांगलीच लागू पडत होती.

"तुम्ही रोज किती पीत होता?" केतकीनं विचारलं.

"काहून?" छबूताई सावध झाल्या.

केतकीनं त्यांना सगळं समजावलं. बशी, सावली, अहवाल. आपण रविवारी काय बोललो तेही सांगितलं. आवाज न बदलता, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. मग म्हणाली, "नोंद दुरुस्त करता येते. मी स्वतः करू शकत नाही, घरच्यांच्या सावलीला हात लावायची मला बंदी आहे. ज्यांनी चहा प्यायला त्यांनी अंगठा लावून तो आपल्या नावावर घ्यायचा. सोळा दिवस आहेत."

शबानानं कप खाली ठेवला.

"नाही जमणार, बेटा," ती हळू म्हणाली. "राग मानू नको. भाभींनी पाजला. त्या होत्या तेव्हा आम्ही आपल्या नावावर घेतला नाही. आता त्या नाहीत, तर परत करायचा? मेजवानी वापस करतात का कुणी?"

"खरं हाय," वनमाला म्हणाली. "तिच्या जिवाले काय वाटंल?"

केतकी उत्तरासाठी तोंड उघडणार होती. पुरावा, विज्ञान, राज्याच्या नोंदी, तुमच्यासारख्या हजारो बायकांना होणारा फायदा. सगळं जिभेवर तयार होतं. तिनं तिघींच्या तोंडांकडे पाहिलं आणि ते सगळं गिळलं. आईनं अशा वेळी काय केलं असतं? आईनं कुणाला समजावलं नसतं. गाडी पुढं काढायची तर प्रवाशाला त्याच्याच फायद्याची जागा दाखवायची असते.

"ठीक आहे," ती म्हणाली. "राहू द्या. पण मग कायमची नोंद काय राहील, ते ऐकून ठेवा. प्रतिभा वैरागडे, वय अडुसष्ट, राहणार वरोरा. रोज एकटी अकरा कप चहा पीत होत्या."

"एकटी?" वनमाला.

"एकटी. बशीला दुसरं कोणी दिसलंच नाही ना."

"म्हणजे पुढं वाचणाऱ्याले वाटंल..."

"हावरट होत्या असं वाटेल, दुसरं काय."

छबूताई बाजेवर ताठ झाल्या. "प्रतिभा? हावरट? जिनं चौकातल्या पागलालेही आधी देऊन मग खाल्लं? कुठं लावायचा अंगठा, आण इकडे ते."

"आधी मोजायला लागेल, मावशी. नऊ कपांचा पत्ता लागला पाहिजे. आई दोन पीत होती, हे नक्की?"

"दोनच," तिघी एकदम म्हणाल्या. "पयला आमच्यासोबत, दुसरा आम्ही गेल्यावर," वनमालानं पुस्ती जोडली. "मले माहीत हाय, मी कुंपणातून पाहायची."

"मी दोन," शबाना म्हणाली.

"मीही दोन," वनमाला म्हणाली.

"हां," छबूताई म्हणाल्या. "अन् ते आखरीले गंजातलं निथळून घेत होती ते? ते काय तीर्थ होतं?"

"बरं, तीन. लिही तीन," वनमाला म्हणाली. "जीव खाते माझा ही बाई."

"छबूमावशी, तुम्ही?"

"दोन."

केतकीनं बोटं मोजली. "सात झाले. दोन कमी पडतात."

कुंपणावर एक कोतवाल पक्षी येऊन बसला, शेपटी हलवून उडून गेला. वनमालानं छबूताईंकडे पाहिलं. शबानानं आभाळाकडे पाहिलं.

"मावशी," शबाना आभाळालाच म्हणाली, "तो डबा."

"कायचा डबा?"

"स्टीलचा. फिरकीच्या झाकणाचा. पदराखालून जायचा तो."

छबूताईंनी पदर सावरला. "न्यायची मी. म्हाताऱ्यासाठी. त्याले चारचौघांत प्यायची लाज वाटते, म्हणते बायकांचा चहा. घरी मात्र डबा चाटूनपुसून साफ. प्रतिभाले माहीत होतं. तीच भरून द्यायची, अन् वरून अंगठाही तीच लावायची. आता झालं तुमचं?"

"नऊ," केतकी म्हणाली.

"पण त्याच्या नावावर टाकू नको," छबूताई घाईनं म्हणाल्या. "माझ्याच टाक. चार."

"का बरं?"

यावर वनमाला अशी हसत सुटली की तिला उंबऱ्याचा आधार घ्यावा लागला. शबानानं सांगितलं ते असं. मागल्या वर्षी आरोग्यकेंद्रात नामदेवरावांच्या सावलीचा घोटाळा झाला. गोळी तीच, जेवण तेच, चहाची नोंद नाही, आणि दाब मात्र उतरत चाललेला. सावलीला कारण सापडेना. तिनं विचारलं, चालता का? नामदेवराव म्हणाले, चालतो. किती? रोज पाच किलोमीटर. सावलीचं समाधान झालं. सव्वीस जानेवारीला नामदेवरावांना 'आदर्श चालक ज्येष्ठ' म्हणून प्रमाणपत्र मिळालं, ते काचेत मढवून दर्शनी भिंतीवर लावलेलं होतं. प्रत्यक्षात गृहस्थ पानठेल्यापर्यंत जायचे, तेही कुणाच्या तरी स्कूटरवर बसून.

"गल्लीतल्या पोरांले व्यायामावर भाषण देते तो," छबूताई खिन्नपणे म्हणाल्या. "कसं काढू मी ते भिंतीवरून?"

केतकी हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि आवाज काढून. मग हसता हसता थांबली. "मावशी, काकांना बाजेवरून उठताना गरगरतं का?"

"गरगरते ना. परवा तर भिंत धरली. म्हणते वय झालं."

"वय नाही, मावशी. ते दाबाची पूर्ण गोळी घेतायत आणि वर दोन कप अंबाडी. दोन्ही एकाच दिशेनं ओढतात. हा चहा चांगला आहे म्हणूनच तो डॉक्टरला माहीत असायला हवा. ज्याच्यात गुण नाही, त्यानं गरगरत नाही."

छबूताई उठल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि रस्त्यापलीकडे तोंड करून म्हणाल्या, "अहो. या इकडे. अंगठा घेऊन या."

नामदेवराव आले, गळ्यात मफलर, चेहऱ्यावर आदर्श ज्येष्ठाचं गांभीर्य. प्रकरण कानावर पडताच ते गांभीर्य ढासळलं. "म्हणजे प्रमाणपत्र वापस?"

"प्रमाणपत्र राहू द्या, काका," केतकी म्हणाली. "फक्त आता चालायला लागा."

त्यांनी थोडा विचार केला, अजून हसणाऱ्या वनमालाकडे एकदा दुखावलेल्या नजरेनं पाहिलं आणि बशीवर अंगठा टेकवला. मग शबानानं. मग वनमालानं. छबूताईंनी सर्वांत शेवटी, आणि टेकवण्याआधी म्हणाल्या, "प्रतिभा, माफ कर बाई. तुझं नाव राखायले करून रायलो."

दोन वर्षांच्या नोंदी नव्यानं वाटून झाल्या. पाच सावल्यांना ते सगळं पहिल्यापासून पुन्हा शिकायला दोन दिवस लागले. दाराजवळच्या भिंतीवरच्या, सावलीची माहिती दाखवणाऱ्या पडद्यावर एक हिरवी रेघ सरकत राहिली, दोन दिवस, आणि केतकी जाता-येता तिच्याकडे पाहणार नाही असं ठरवून दर वेळी पाहत राहिली. तिला आता नेमकं भय कशाचं होतं, हे तिचं तिलाच धड सांगता येईना. आई चूक ठरली, तर आपण खरं बोललो एवढं समाधान. आई बरोबर ठरली, तर आपण तिला खोटं पाडून फोन ठेवला. यातलं काय व्हावं? दुसऱ्या दिवशी दुपारी बोंडं वाळत घालताना तिला कळलं, की आई बरोबर निघावी असंच आपल्याला वाटतंय. ओझं दुप्पट झालं तरी चालेल.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला निकाल आला. चौघंही हजर होते. नामदेवराव घामाघूम, कारण खरोखरच चालून आले होते.

"वाच," छबूताई म्हणाल्या.

केतकीनं वाचलं. "प्रतिभा वैरागडे. लाल अंबाडीचा चहा, रोज दोन कप. वरच्या दाबात उतार आठ. त्यातले मिठामुळे एक, चहामुळे सात. प्रतिसाद उत्तम."

"मंजे चांगलं ना?" वनमालानं विचारलं.

"खूप चांगलं. सगळ्यांना इतका लागू पडत नाही. शबानामावशींना तीन आहे. तुम्हाला चार. काकांना सहा, त्यांची गोळी आता डॉक्टर कमी करतील. छबूमावशी, तुम्हाला मात्र काही म्हणजे काही फरक नाही."

"शून्य?"

"शून्य."

छबूताईंनी कप पुढे केला. "मग मले भीती नाही. भर अजून."

सगळे हसले. केतकीनं कप भरला, बशीवर ठेवला, आणि छबूताईंनी डोळे मिटून अंगठा लावला.

पुढले दिवस भराभर गेले. मांडणीवरच्या बरण्या शबाना आणि वनमालानं वाटून घेतल्या. चारची बैठक छबूताईंच्या ओट्यावर हलली. तिथं कोण कोणाचा अंगठा लावतं, ते केतकीनं मुद्दाम विचारलं नाही. पितळेची नळी तिनं आपल्या पिशवीत टाकली.

तिसाव्या दिवशी सकाळी ती पडद्यासमोर खुर्ची घेऊन बसली. सावली मिटवायला बटण ठेवलेलं नव्हतं. बटणं चुकून दाबली जातात, म्हणून वारसानं मोठ्यानं बोलून संमती द्यायची, असा रिवाज होता. पडद्यावर आईच्या नाडीची रेघ चालू होती, मिनिटाला बहात्तर, रोज दोन कपांवर स्थिर. ही आई नव्हे, हे केतकीला पक्कं ठाऊक होतं. गणित होतं ते, आणि तेही आता बरोबर होतं.

"मी केतकी वैरागडे," ती म्हणाली. "प्रतिभा वैरागडे यांची मुलगी. नोंदी तपासल्या. सावली मिटवायला माझी संमती आहे."

'आणखी काही सांगायचं आहे?' पडद्यावर अक्षरं उमटली. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारत. बहुतेक लोक 'नाही' म्हणत. केतकीनं असे हजारो 'नाही' कामात ऐकले होते. ऐकणारं कोणी नसतं, हेही तिला माहीत होतं. बाहेर रस्त्यावर नामदेवराव कुणाला तरी किलोमीटर सांगत चालले होते.

"हो," ती म्हणाली.

तिनं खुर्ची पुढे ओढली.

"आई, तुझं बरोबर होतं. चहाचं. मी चुकीचं वाचलं." रेघ सरकत राहिली. "आणि तू चुकली असतीस तरी काही बिघडत नव्हतं. मी आकडा विचारायला फोन करत नव्हते, आई. आकडा विचारला की तू बोलायला लागायचीस, म्हणून विचारायचे. मला तुझ्याशी बोलायला फार आवडायचं."